आधी दात, मग ड्रेस

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. साकोली तालुक्यातल्या आमच्या एकोडीत त्याच सुमारास धानाचे पऱ्हे टाकायची गडबड असते आणि त्याच सुमारास कराटेच्या वर्गाला नवी मुलं येऊ लागतात. नाव घालायला आलेले वडील फी विचारतात, वेळ विचारतात, आणि जाता जाता दारात थांबून खरा प्रश्न विचारतात, "सर, ड्रेस घ्याच लागते का जी?"

हा प्रश्न पैशाचा आहे, आणि तो विचारायला माणसाला संकोच वाटतो. बियाणं, खत, वह्या, दप्तर हे सगळं एकाच महिन्यात अंगावर आलेलं असतं. साधा कराटेचा ड्रेस पाचशे ते हजार रुपयांच्या घरात जातो. म्हणजे रोवणीची दोन-तीन दिवसांची मजुरी. त्यात पोरगं पंधरा दिवसांत कंटाळलं तर तो ड्रेस खुंटीला लटकतो आणि घरात वर्षभर बोलणी खातो. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले तीन महिने ड्रेस घेऊ नका. काही ठिकाणी प्रवेशाच्या दिवशीच ड्रेस, पट्टा, हातमोजे, बॅग असं सगळं 'किट' गळ्यात मारलं जातं. ज्यांना पालक टिकवायचे असतात त्यांनी असं करू नये, एवढंच मी म्हणेन.

मग मुलानं घालायचं काय? सैल, पायघोळ ट्रॅकपँट आणि बिनबटणाचा सुती टी-शर्ट. बस. मात्र या साध्या कपड्यांतही दोन गोष्टी बघायच्या. पहिली, चेन. ट्रॅकपँटच्या खिशाला किंवा घोट्याजवळ लोखंडी चेन असेल तर ती जोडीदाराच्या अंगावर ओरखडा काढते. दुसरी, खिसे. धावत्या मुलाच्या उघड्या खिशात दुसऱ्याचं बोट अडकलं की बोट मुरगळतं, कधी मोडतं. त्यामुळे आईला सांगायचं की खिशांची तोंडं सुईदोऱ्यानं शिवून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. जीन्स नको, कारण त्यात गुडघा वर येत नाही आणि शिक्षकाला वाटतं की पोराचे पाय आखडलेले आहेत. हाफपँटही मी टाळायला सांगतो. जमिनीवर गुडघे टेकायचे असतात आणि आमच्याकडे जमीन म्हणजे शाळेचं पटांगण.

कराटे म्हणजे पांढरा ड्रेस असं चित्र आपल्या डोळ्यांत सिनेमांनी बसवलंय. पण हा ड्रेस काही कराटेबरोबर जन्माला आलेला नाही. कराटेचं माहेर ओकिनावा बेट. तिथे लोक रोजच्या कपड्यांत किंवा उकाड्यात नुसत्या आतल्या कपड्यांवर सराव करत. पांढरा सदरा आणि पायजमा आला तो ज्यूदोकडून. जिगोरो कानो यांनी १८८२मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्यूदोची संस्था काढली. त्यांच्या शिष्यांचे सुरुवातीचे कपडे आखूड बाह्यांचे आणि आखूड पायजम्याचे होते. कोपर-गुडघे खरचटू लागले म्हणून १९०७च्या सुमारास बाह्या आणि पाय लांब झाले. म्हणजे तो कपडा लांब झाला तोच मुळी संरक्षणासाठी. पुढे १९२२मध्ये गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून तोक्योला कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि त्यांनी ज्यूदोच्या धर्तीवरचा पण हलका कपडा घातला. तिथून कराटेचा आजचा ड्रेस रूढ झाला. शंभरेक वर्षांचीच ही रीत. एकोडीच्या पोरानं तीन महिने ट्रॅकपँटवर सराव केला तर परंपरेचा काही भंग होत नाही.

आपल्याकडच्या तालमीचं तर याहून साधं. लंगोट आणि लाल माती. आखाड्याच्या त्या मातीत तेल, ताक, हळद घालतात, ती रोज खणून भुसभुशीत करतात. पैलवान अंगावर काही घालत नाही, कारण त्याचं संरक्षक साधन त्याच्या पायाखाली असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, जमिनीच्या गोष्टीकडे मी पुढे येणार आहे.

ज्यूदोला मात्र माझा तीन महिन्यांचा नियम लागू नाही. ज्यूदोत समोरच्याची कॉलर आणि बाही धरूनच फेकायचं असतं. टी-शर्टवर ज्यूदो शिकवला तर पहिल्याच आठवड्यात टी-शर्ट फाटतो आणि गळ्याला काचतो. त्यामुळे तिथे जाड जॅकेट लवकर लागतं. या जॅकेटच्या विणीला तांदळाच्या दाण्याची वीण म्हणतात. कापडावर खरोखरच दाणे मांडल्यासारखे उंचवटे दिसतात. धानाच्या जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगितलं की ती कापड हातात घेऊन बघतात. वर्गाकडे अशी चार-सहा जॅकेटं असावीत आणि ती मुलांनी आळीपाळीनं वापरावीत. प्रत्येकानं विकत घेण्याची गरज नाही.

आता समजा तीन महिने झाले, दिवाळी आली आणि पोरगं टिकलं. मग ड्रेस घ्या. पण कापड बघून घ्या. कराटेचं कापड वजनावर ओळखतात आणि हे वजन औंसात सांगतात, म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. सात-आठ औंसांचं हलकं, बारा-चौदा औंसांचं भारी. भारी कापडाला झटका दिला की 'फट्' असा आवाज येतो. पोट्टे त्या आवाजावर भाळतात. आमच्याकडे काही आया भाताच्या पेजेची खळ देतात, त्यानंही तसा आवाज येतो. पावसाळ्यात मात्र खळ दिलेल्या ड्रेसवर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात. आवाजासाठी एवढं नको. शिवाय ज्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तिथे नव्या मुलाला चौदा औंसांचं कापड घालणं म्हणजे त्याला गोधडी पांघरून पळवण्यासारखं आहे. हलकं सुती कापड घ्या. स्वस्त ड्रेस बहुधा टेरीकॉटचे असतात. ते लवकर वाळतात आणि चुरगळत नाहीत, हे खरं, पण घाम टिपत नाहीत. पाठीला चिकटतात. एप्रिल-मे महिन्यांत मी सराव पहाटेच घेतो आणि जॅकेट काढून टी-शर्टवर करायला सांगतो. कोणी म्हणेल की शिस्त बिघडते. शिस्तीपेक्षा मला उष्माघाताची भीती जास्त वाटते.

गावच्या शिंप्याकडून ड्रेस शिवून घेता येतो का? येतो, आणि बरा होतो. कापड जाडसर मांजरपाट किंवा ड्रिल. शिवण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून घ्यायचं, नाही तर पहिल्या धुण्यात बाह्या कोपराकडे सरकतात. शिंप्याला एक गोष्ट बजावून सांगायची. पायजम्याला दोन पायांच्या मध्ये चौकोनी कळी हवी. ती नसेल तर पहिल्याच उंच लाथेला शिवण उसवते, आणि ती कुठे उसवते हे सांगायला नको. वर्गातलं हसू मुलाच्या फार जिव्हारी लागतं. जॅकेटला दोन्ही बाजूंना कट हवेत, आतून बांधायला नाड्या हव्यात. बटणं नकोत, हुक नकोत. जॅकेट पट्टा बांधल्यावर कंबर झाकेल पण मांडीच्या पाऊण भागाखाली जाणार नाही, बाही मनगटाच्या पुढे येणार नाही, पायजमा घोट्याच्या हाडाखाली उतरणार नाही. स्पर्धेतही साधारण हीच मापं बघतात आणि दुमडलेली बाही किंवा पाय चालत नाही. पोरगं वाढतंय म्हणून आपण दोन नंबर मोठा घेतो आणि दुमडतो, ती सवय इथे अंगाशी येते. लोंबणाऱ्या पायजम्यात अंगठा अडकून पडणारी मुलं मी दर वर्षी बघतो. मोठा घ्यायचाच तर एकच नंबर मोठा घ्या आणि आतून टीप घालून घ्या. उंची वाढली की टीप उसवायची. दुकानात नंबरापेक्षा मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये सांगा, कारण प्रत्येक कंपनीचा नंबर निराळा.

घालताना डावी बाजू उजव्या बाजूवर. जपानमध्ये उलट बाजू मृताला घालतात. मुलांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगतो. पांढरा पट्टा घाण होत होत काळा होतो ही गोष्ट सगळे सांगतात, पण ती गोष्टच आहे. काळा पट्टा कानोंनी १८८०च्या दशकात आणला आणि मधले रंग पुढे युरोपात आले, मिकिनोसुके कावाइशी यांनी १९३०च्या दशकात पॅरिसमध्ये ज्यूदो शिकवताना ते रूढ केले. रंग हे शिकण्याच्या टप्प्यांसाठी आहेत. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, नवा पट्टा हे चक्र पालकांनी डोळे उघडे ठेवून बघावं. पट्ट्यावर जेवढे पैसे वर्षभरात जातात तेवढ्यात मी आता सांगणार आहे ती खरी गरजेची वस्तू दोनदा घेता येते.

ती वस्तू म्हणजे दातांचा गार्ड, गमशिल्ड. माझ्या हिशेबात विकत घ्यायच्या वस्तूंत हिचा नंबर पहिला. ड्रेसच्याही आधी. ज्या दिवशी मूल जोडीदारासमोर उभं राहून हात चालवणार त्या दिवशी तोंडात गमशिल्ड हवं. शे-दोनशे, फार तर तीनशे रुपयांत ते मिळतं. पडलेला पुढचा दात बसवायला काय खर्च येतो ते साकोलीत किंवा भंडाऱ्यात कुठल्याही दंतवैद्याला विचारा. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत गमशिल्ड सक्तीचं आहे, तायक्वांदोतही आहे. आपल्याकडे मात्र ड्रेस कडक इस्त्रीचा आणि तोंड मोकळं, असे खेळाडू तालुका पातळीवर दिसतात.

उकळत्या पाण्यात टाकून मऊ करायचं आणि दातांवर बसवायचं, असं गमशिल्ड घ्या. तयार आकाराचं घट्ट बसत नाही, मुलं ते सारखं जिभेनं ढकलत राहतात. पाणी उकळून गॅस बंद करायचा. पाकिटावर जितके सेकंद लिहिले असतील तितकेच सेकंद गमशिल्ड पाण्यात ठेवायचं. चमच्यानं काढून क्षणभर साध्या पाण्यात बुडवायचं म्हणजे तोंड भाजत नाही. मग वरच्या दातांवर बसवून हलकं चावायचं, आतून हवा ओढायची आणि गालाबाहेरून बोटांनी दाबायचं. हे काम मोठ्या माणसानं करायचं, पोरांवर सोडायचं नाही. तोंड उघडल्यावर ते खाली पडलं नाही तर नीट बसलं म्हणायचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे दात बदलत असतात, त्यांचं गमशिल्ड दर वर्षी पुन्हा बघावं लागतं. दातांना तारा लावल्या असतील तर आधी दंतवैद्याला विचारावं. भोकांच्या डबीत ठेवायचं आणि उन्हात ठेवायचं नाही. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत राहिलेलं गमशिल्ड वाकडं होऊन निघतं.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक. आमच्या भागात खर्रा किती चघळला जातो हे श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. खर्रा आणि गमशिल्ड एका तोंडात राहत नाहीत, आणि माझ्या वर्गात त्यातलं एकच चालतं.

एवढं करूनही दात पडलाच तर काय करायचं तेही सांगून ठेवतो, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. पक्का दात मुळासकट निखळला तर तो वरच्या, पांढऱ्या भागाला धरून उचलायचा. मुळाला हात लावायचा नाही, ते घासायचं नाही. माती लागली असेल तर हलकेच धुऊन घ्यायचा आणि जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवायचा. नाही जमलं तर दुधात टाकायचा आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचायचं. दात पुन्हा धरू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. गावात दूध कुठेही मिळतं. बहुतेक वेळा लोक दात कागदात गुंडाळून खिशात ठेवतात आणि तो वाया जातो.

गमशिल्डनंतर मुलांसाठी जांघेचा गार्ड. क्रिकेटमुळे याला सगळे एल-गार्ड म्हणतात. सुरुवातीला क्रिकेटचा चालतो, मात्र सैल चड्डीत तो सरकतो आणि सरकलेला गार्ड नसण्यापेक्षा वाईट. घट्ट सपोर्टर हवा. हा गार्ड एकमेकांचा वापरायचा नाही. नवी मुलं हा शब्द उच्चारायलाच लाजतात, म्हणून मी ही गोष्ट मुलांना वेगळी बसवून, एकदाच आणि सरळ शब्दांत सांगतो.

हातमोजे आणि नडगीचे पॅड यांचं गणित निराळं आहे. ते आपण स्वतःसाठी घालतो असं मुलांना वाटतं. थोडं तसं आहेही. पण माझ्या मोज्याचा स्पंज समोरच्याच्या नाकासाठी आहे, माझ्या नडगीचा पॅड त्याच्या नडगीसाठीही आहे. म्हणून एकाकडे पॅड आहेत आणि दुसऱ्याकडे नाहीत अशी जोडी लावायची नाही. वर्गानं चार जोड मोजे आणि चार जोड पॅड ठेवले तर वीस मुलांचं वर्ष निघतं. आपले घ्यायचे तर स्पर्धेला जायच्या वेळी. महासंघाची मान्यता असलेल्या मालावर शिक्का असतो आणि त्या शिक्क्याचे पैसे असतात. स्पर्धेत लाल आणि निळा असे दोन संच लागतात. शाळेच्या पटांगणावर सराव करणाऱ्या सहावीतल्या मुलाला शिक्क्याची काही गरज नाही. आत कडक प्लास्टिकची पट्टी असलेले नडगीचे पॅड मात्र घेऊ नका, फुटबॉलचे तसे असतात. ते समोरच्याला लागतात आणि कराटेच्या स्पर्धेत चालत नाहीत.

तायक्वांदोत सामान आणखी वाढतं. छातीचा गार्ड, डोक्याचा गार्ड, हाताचे, नडगीचे, जांघेचे गार्ड. हात, नडगी आणि जांघेचे गार्ड ड्रेसच्या आत घालायचे असतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथे गुण मोजणारा इलेक्ट्रॉनिक छातीचा गार्ड वापरतात, पायमोज्यांतही संवेदक असतात. टीव्हीवर ते बघून मुलं मागतात. नव्या विद्यार्थ्याला त्यातलं काही लागत नाही. छातीचा आणि डोक्याचा गार्ड वर्गाचा असावा.

डोक्याच्या गार्डबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. तो घातला की पालकांना हायसं वाटतं. कातडी फुटणं, कान सोलणं, भुवई फुटणं यांपासून तो वाचवतो. पण डोक्याला झटका बसला की आतला मेंदू कवटीत हलतो, आणि ते हलणं बाहेरचा स्पंज थांबवू शकत नाही. मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१३मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ स्पर्धांतून हेडगार्ड काढला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बिनहेडगार्डचे लढले. त्यावर अजून वाद आहे आणि लहान मुलांचा हेडगार्ड काढा असं मी मुळीच म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की हेडगार्ड घातला म्हणून डोक्यावर जोरात मारायची परवानगी मिळत नाही. माझ्या वर्गात नव्या मुलांना चेहऱ्याला स्पर्श करायला बंदी आहे, हात वीतभर अलीकडे थांबला पाहिजे. तो थांबवता येणं हेच पहिल्या वर्षाचं शिक्षण. आणि कुणाच्या डोक्याला लागलंच, तर त्या दिवशी त्याचा सराव संपला. तो कितीही म्हणाला की मी ठीक आहे, तरी संपला. उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच तेच विचारणं, यातलं काही दिसलं की थेट सरकारी दवाखाना. लिंबूपाणी पाजून झोपवून ठेवू नका.

आता मुलींच्या कपड्यांकडे येतो. मुली वर्ग सोडतात त्याची कारणं पुष्कळदा कपड्यांत असतात आणि त्या ती सांगत नाहीत. पांढरा पायजमा हे त्यातलं पहिलं कारण. सातवी-आठवीतली मुलगी महिन्यातले चार दिवस येत नाही, मग आठ दिवस येत नाही, मग येतच नाही. विंबल्डनसारख्या कडक पांढऱ्या पोशाखाच्या स्पर्धेनंसुद्धा २०२३पासून महिला खेळाडूंना स्कर्टच्या आत गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली, ती याच कारणानं. मग आपल्या पटांगणावर आपण कसला हट्ट धरायचा? रोजच्या सरावाला मुलींनी काळा किंवा निळा पायजमा घालावा. सगळ्या वर्षभर घालतात, म्हणजे कोणत्या दिवशी कोणी का घातला हा प्रश्नच उरत नाही. पांढरा फक्त परीक्षेला आणि स्पर्धेला. जॅकेटच्या आत पांढरा टी-शर्ट स्पर्धेच्या नियमांतही बसतो. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा ही मुलीच्या संरक्षक साधनांतली पहिली वस्तू आहे, आणि हे मुलीच्या आईला सांगायला वर्गात एखादी ताई असावी. जोडीच्या लढती सुरू झाल्या की छातीचा गार्डही हवा.

दुसरी गोष्ट दागिने. बांगड्या, पैंजण, कानातलं, केसातल्या लोखंडी पिना काढून डबीत. नुकतंच नाक टोचलेलं असेल आणि चमकी निघत नसेल तर त्या मुलीनं जोडीचा सराव करायचा नाही, एकटीनं करायचा. वरून चिकटपट्टी लावल्यानं नाकाचा बचाव होत नाही. मुलांच्या बाबतीत प्रश्न गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचा आणि ताईताचा. गळ्यातल्या दोऱ्यात बोटं अडकली की दोरा आधी तुटेल की मान ओढली जाईल हे सांगता येत नाही. पण आजीनं बांधलेला दोरा 'काढ' म्हणून सांगणारा मास्तर दुसऱ्या दिवशी तो मुलगा गमावतो. मी म्हणतो, तो करदोड्याला बांध. कमरेला राहतो, आजीही राजी, मीही राजी.

तिसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. मुलींच्या स्वसंरक्षणाचा काही सराव रोजच्याच कपड्यांत व्हायला हवा. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण चालवतात. राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं ते ओळखलं जातं. तिथे मुली शाळेच्या गणवेशातच शिकतात आणि काही पालकांना ते कमी दर्जाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. रस्त्यावर कुणी हात धरला तेव्हा मुलीच्या अंगात सलवार-कमीज असते, पाठीला दप्तर असतं, पायात चपला असतात. ओढणी पिनांनी दोन्ही खांद्यांना पक्की केलेली असेल तर ओढली की मान अडकते, एकाच पिनेनं असेल तर सुटते. अशा गोष्टी पांढऱ्या ड्रेसमध्ये कधी कळत नाहीत. आठवड्यातला एक दिवस मी मुलींना घरच्या कपड्यांत, दप्तरासकट बोलावतो. त्या दिवशी लाथ कमी आणि हात सोडवून पळणं जास्त.

जमिनीचं राहिलं होतं. शहरात रबरासारख्या गाद्या असतात, मीटरभर लांबी-रुंदीचे, एकमेकांत अडकणारे तुकडे. कराटेला दोन-अडीच सेंटिमीटर जाडी पुरते, ज्यूदोला चार हवी. वर्गणी काढायची तर पट्ट्यांऐवजी यासाठी काढावी. जपानी घरातली मूळची तातामी चटई आतून धानाच्या तणसाचीच असते. म्हणून आपल्याकडे तणस पसरून वर ताडपत्री ताणली की गादी होईल असं वाटणं साहजिक आहे. पण तातामीतलं तणस घट्ट दाबून शिवलेलं असतं. आपलं मोकळं तणस पायाखाली सरकतं, कुठे ढीग तर कुठे खड्डा होतो आणि घोटा वळतो. शिवाय तणसात विंचू असतो, साप असतो. ढिगातलं तणस उचलून तसंच पसरणं मुळीच नको. पडण्याचा सराव करायचा तर ते जुन्या पोत्यांत ठासून भरून, तोंडं शिवून, पोती एकमेकांना बांधून वर ताडपत्री ताणावी. पावसाळ्यात ते कुजतं, टाकून द्यावं. गादी नसेल तेव्हा फेकाफेक शिकवूच नये, पायांच्या चाली शिकवाव्यात. अनवाणी सरावाआधी मुलांनी रांगेनं मैदान फिरून काटे, काचा, खिळे वेचायचे. हा आमच्याकडे व्यायामाचाच भाग आहे. धनुर्वाताची सुई घेतलेली आहे का तेही नाव घालताना विचारावं.

धुण्याबद्दल बायकांना मी काय सांगणार! तरी एक बोलतो, कारण गजकर्ण हा आपल्या भागातला मोठा उपद्रव आहे आणि तो घामट कपड्यांतून, चटईतून, एकमेकांच्या टॉवेलमधून पसरतो. ड्रेस प्रत्येक सरावानंतर धुवायचा, आठवड्यातून एकदा नव्हे. ब्लीच नको, त्यानं सुताची ताकद जाते. नीळ चालेल. पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, तेव्हा ओला ड्रेस घालण्यापेक्षा ट्रॅकपँट बरी. ज्याला गजकर्ण झालंय त्यानं बरं होईपर्यंत जोडीचा सराव करायचा नाही. आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं मलम आणायचं नाही. त्यातल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते आणि मग ते दुप्पट पसरतं. डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध पूर्ण लावावं लागतं.

आमच्या वर्गात पत्र्याची एक पेटी ठेवलेली आहे. आखूड झालेले ड्रेस धुऊन, घडी करून त्यात ठेवायचे आणि आतल्या बाजूला पेनानं उंची लिहायची, १२०, १३०, १४०. दिवाळीनंतर नव्या मुलांची उंची भिंतीवरच्या पट्टीवर मोजतो आणि पेटी उघडतो. ज्याच्या मापाचा निघाला त्याला विकत घ्यावा लागत नाही. गुडघ्याला ठिगळ असेल तर असू द्या, कराटेच्या ड्रेसला ठिगळ शोभतं. पट्टेही त्यात येतात. गमशिल्ड आणि जांघेचा गार्ड मात्र पेटीत घ्यायचा नाही, हे झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे.